शिळा दम

धाकू घडशीला झोप लागली म्हणावं तर लागलेली नाही, आणि जागा म्हणावं तर जागाही नाही. भर दुपार आहे. स्टुडिओत जेवणाची सुट्टी झालीय. आवाज अडवायच्या गादीच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्यात, त्यांच्या मागे गालिच्यावर म्हातारा आडवा झालाय. उशाला टॉवेलची गुंडाळी. पोटात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. बाहेर ऊन नुसतं भाजून काढतंय, पण आत एक खिडकी नाही. आतली दुपार आणि आतली रात्र एकाच रंगाची. वर एसी घुंऽऽ करतोय, एकाच सुरात, न थांबता.

गडी डोळा लावतोय तोवर त्याची ओळख करून घ्या. धाकू मूळचा राजापूरकडचा, देवळात सनई वाजवणाऱ्यांच्या घरचा. मुंबईला आला लग्नात सनई वाजवायला, आणि पडला सिनेमाच्या वाद्यवृंदात. तिथं कुणीतरी त्याच्या हातात एक विलायती लाकूड ठेवलं. कोर आँग्ले त्याचं नाव. सनईच्या गोतातलंच, पण अंगानं लांब, काळं, तोंडाशी वाकडी पितळी नळी आणि बुडाशी भोपळ्यासारखा फुगवटा. नळीवर रीड लावायची. रीड म्हणजे बोरूच्या दोन पातळ पात्या, दोऱ्यानं आवळून बांधलेल्या. ओठांत धरायची नि फुंकायची. आवाज कसा? घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की बाया दाराआड हळू बोलतात ना, तसा.

म्हणून सिनेमात कुणी मेलं की धाकूला बोलावणं यायचं. नायिकेची आई गेली, बोलवा धाकूला. फौजी परत आला नाही, बोलवा धाकूला. सगळे त्याला मयतीवाला म्हणायचे. तोही हसून सांगायचा, "माझ्या आजानं जेवढी लग्नं लावली, तेवढी मयतं मी उठवली."

आता वाद्यवृंद राहिला नाही. आता एक पेटी असते, तिच्या पट्टीवर बोट ठेवलं की पाहिजे ते वाद्य वाजतं. ते आत कुठून येतं, तर असं येतं. धाकू गेले काही दिवस इथं येऊन एकेक सूर देतोय. एकच सूर, हळू. तोच सूर, मोठ्यानं. दम संपेस्तोवर धरायचा. मग पुढचा. काचेपलीकडे शाल्मली नावाची मुलगी ते भरून घेते. मोठी गुणी पोरगी, काका काका करून पाणी आणून देते.

सकाळीच तिनं सांगितलं होतं, "काका, तुम्ही श्वास घेता तो फार ऐकू येतो. पण काळजी नको, तो मी कापते. आणि सुराचं शेपूट त्याच्याच तोंडाला जोडते. मग कुणी पट्टी कितीही वेळ दाबून धरो, सूर तुटायचाच नाही."

धाकू खूश झाला होता. त्याच्या छातीचा भाता फाटलाय, डॉक्टर म्हणतो फुंकणं बंद कर. दोन्ही पोरांनी वाद्याला हात लावला नाही. आपण गेलो तर आपला आवाज तरी राहील, एवढी एकच आस त्याला आहे. सगळे सूर देऊन झालेत. एकच राहिलाय, सगळ्यात खालचा. त्याच्यासाठीच धाकू नावाजलेला. तो जेवणानंतर द्यायचा आहे. रीड वाटीत भिजत ठेवलीय.

एसी घुंऽऽ करतोय. धाकूच्या पापण्या मिटतात, उघडतात, मिटतात. घुंऽऽ थोडा वर चढतो. मग एसीच्या त्या आवाजात रीडची थरथर येते.

धाकू पडल्यापडल्या म्हणतो, "कोण रे? सुट्टी झालीय."

"मला नाय झाली."

फळीच्या पलीकडे खुर्च्या मांडल्यात, सकाळी नव्हत्या. सगळा जुना ताफा बसायचा तशा रांगा आहेत. त्यातल्या एकाच खुर्चीवर माणूस आहे. काळा कोट, काळी टाय, पायात कोरे बूट, तळव्याला माती लागलेली. तोंडात ओबो.

इनास डाबरे. वसईचा. आयुष्यभर धाकूच्या डाव्या खुर्चीवर बसला. ओबो म्हणजे कोर आँग्लेचा धाकटा भाऊ, म्हणून हे दोघंही भाऊच. मयताचा सूर लांब असला की एका छातीला झेपायचा नाही. मग दोघं मिळून धरायचे. एकाचा दम संपत आला की तो भुवई उडवायचा. म्हणजे, मी श्वास घेतो, तू धर. ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळायचं नाही की मधे कुणी श्वास घेतला.

इनास जाऊन वर्ष व्हायला आलंय. धाकू स्वतः वसईला जाऊन त्याच्या शवपेटीवर माती टाकून आला होता. हे त्याला आठवतं, पण आठवूनही नवल वाटत नाही.

"अरे डाबऱ्या! कोट कधी शिवलास?"

इनास वाजवायचं थांबवत नाही. ओबो ओठांत आहे, सूर चालूच आहे, आणि बोलणंही येतंय.

"शिवला कसला, घरच्यांनी घातला. काखेत काचतोय. पेटीत पडून राहायचं तर चाललं असतं, पण वाजवायला हात उचलावे लागतात रे."

"मग थांब की जरा."

"थांबू देतात का? ऐक."

धाकू ऐकतो. घुंऽऽ चालू आहे. मग टक् असा बारीक आवाज होतो, कुठेतरी लांब कुणी बोट ठेवल्यासारखा, आणि इनासचा सूर बदलतो. टक्. पुन्हा बदलतो. इनासची बोटं त्याच्या मनानं हलत नाहीत. कुणीतरी मागून धरून हलवावीत तशी हलतात.

"हे कुठं चाललंय?"

"नागपूरला एक पोरगा मालिकेचं संगीत करतोय. सून देवघरात रडते. काल हैदराबादला होतो, तिथं बैल मेला. झोपायला जाताना एकानं पट्टीवर वही ठेवली, सकाळपर्यंत एकच सूर. मी पण दिले होते ना सूर, तुझ्यासारखेच. सगळे दिले. शेवटचा दिला तेव्हा केक कापला होता त्यांनी."

धाकू उठून बसतो. बसतो तो गालिच्यावर नाही, दगडी पायरीवर. गावच्या देवळाचा नगारखाना आहे. खाली अंगणात कुणी नाही, दिवा नाही, देवळाचं दार बाहेरून बंद. आजा भिंतीला पाठ लावून बसायचा तिथं आजाची सनई नुसती टेकवलेली. धाकू पोर असताना त्याला आजानं पहिलं काम सूर धरायचं दिलं होतं. मुख्य सनई गाते, आणि शेजारचा पोरगा एकच सूर धरून बसतो. गाल फुगवून हवा गालात साठवायची, ती रीडीत ढकलता ढकलता नाकानं नवा श्वास ओढायचा. सूर तुटला की आजा पायानं ढोसायचा.

इनास पायरीवर बूट काढून ठेवतो. मोजे नवे आहेत, त्यांना दुकानाची चिठ्ठी तशीच.

"तुमच्या देवळात चालतो ना मी?"

"आता कोण विचारतोय तुला. डाबऱ्या, आजानं शिकवलं तसं कर ना. गाल भर नि नाकानं घे. तुला दाखवलं होतं मी."

इनास तोंड वर करतो. दोन्ही नाकपुड्यांत कापूस आहे. घट्ट बसवलेला, पांढराशुभ्र.



"श्वास कापले रे त्यांनी," इनास म्हणतो. "प्रत्येक सुराच्या आधी मी घेतला होता. कापून टाकला. सुरानंतर घेतला होता, तोही कापला. नुसतं फुंकणं तेवढं ठेवलं. आणि तुला तर माहितीये, आपल्या वाद्यात दम कमी पडत नाही. दम उरतो."

हे खरं आहे. रीडीचं भोक एवढंसं. त्यातून हवा जाते ती चिमूटभर. बाकीची छातीतच राहते आणि शिळी होते. बाहेरच्याला वाटतं वाजवणाऱ्याला हवा पुरेना, पण त्याचा जीव घाबरतो तो आत कोंडलेल्या हवेनं. म्हणून आधी शिळा दम सोडायचा, मग ताजा घ्यायचा. सोडायला जागा मिळाली नाही तर डोळ्यांपुढे काळं येतं.

"वर्षाचा दम आहे आत," इनास म्हणतो. "नासलाय. वास येतोय बघ."

वास येतो. ओल्या मातीचा आणि मेणबत्तीचा.

"मी काय करू सांग."

इनास भुवई उडवतो.

इतकंच करतो. उभ्या जन्मात धाकूनं त्या भुवईला नाही म्हटलेलं नाही. पण या वेळी तो आधी इनासच्या नाकातल्या कापसाकडे बघतो. आपण काय करायला निघालोय ते त्याला कळतंय, आणि हात तरीही वाद्याकडे चाललेत.

"तू परत येशील ना?"

"एकच श्वास घेतो नि येतो. आजवर आलो नाय असं झालंय का?"

"जिवंत होतास तेव्हाचं सोड."

"मग नको धरूस," इनास शांतपणे म्हणतो. "मी आहेच हितं. तुझे सगळे सूर आलेत, आता एकच राहिलाय. तो दिलास की तुझी खुर्ची तयारच आहे. मग बसू दोघं."

धाकू डावीकडे बघतो. नगारखाना नाही. कुणाच्या तरी घराची बैठक आहे. सोफ्यावर माणसं जेवताहेत, समोर टीव्ही चालू आहे. टीव्हीत तिरडी उचलताहेत. सोफ्यावरची बाई म्हणते, "आवाज कमी कर गं, जेवताना नको ते रडगाणं." मुलगी रिमोट उचलते. सोफ्याच्या मागे भिंतीलगत दोन खुर्च्या. एकीवर इनास. दुसरी रिकामी, तिच्या पाठीवर खडूनं लिहिलंय, घडशी. जेवणाऱ्या कुणालाच त्या खुर्च्या दिसत नाहीत.

धाकू वाद्य तोंडाला लावतो. "घे," म्हणतो. "मी धरतो."

सूर लागतो. सगळ्यात खालचा. लाकडाच्या बुडातून निघून तो पायांत उतरतो.

इनास ओबो ओठांतून काढतो. त्याचा खालचा ओठ दोन पात्यांना चिकटलाय, काढताना सोलवटतो. मग तो तोंड उघडतो आणि शिळा दम सोडतो. तो संपतच नाही. टीव्हीचा पडदा त्यानं धुरकट होतो, ताटातल्या भाताची वाफ विझते. मुलगी शहारते, म्हणते, "आई, पंखा कमी कर."

मग इनास उठतो. पाठ फिरवतो आणि चालायला लागतो.

धाकू धरून आहे. बैठक कुठंय आता? आजूबाजूला वसईची दफनभूमी आहे, चर्चच्या मागची. माडाच्या झावळ्या हलत नाहीत. क्रूस ओळीनं उभे, स्टुडिओतल्या खुर्च्यांसारखे. इनास त्यांच्यामधून लांब लांब जातोय, अनवाणी, मोज्यांवर. त्याच्या पाठीवरचा कोट फुगतोय. घेतोय तो श्वास. अजून घेतोय. एवढा मोठा श्वास कुणी घेतलेला धाकूनं पाहिलेला नाही.

"डाबऱ्या, बास! ये आता!" धाकूला ओरडायचंय, पण त्याला बोलता येत नाही. तोंडात रीड आहे आणि ओठ सुटत नाहीत.

छाती भरलीय. जुनी हवा आत पडून आहे. टक्. बोटं हलतात. त्यानं हलवलेली नाहीत. टक्. पुन्हा हलतात. धाकूच्या कानशिलात घण पडायला लागतात. त्याला आजाची शिकवण आठवते. गाल भर. हवा ढकल. नाकानं ओढ.

तो नाकानं ओढतो. काही येत नाही.

वाद्य एका हातानं कसंबसं सांभाळून तो दुसरा हात नाकाशी नेतो. बोटांना कापूस लागतो.

आता धाकूला कळतं की इनास यायचा नाही. आणि त्यात रागावण्यासारखं काही नाही, हेही कळतं. वर्षभर नासक्या हवेत बसलेल्या माणसाला मोकळा श्वास मिळाला तर तो परत कशाला येईल? आपण तरी आलो असतो का? क्रूस काळे पडत चाललेत. सूर काही तुटत नाही, शेपटाला तोंड, तोंडाला शेपूट.

तेवढ्यात शेजारी कुणी बसतं. कोट काखेत करकरतो.

"घे," इनास म्हणतो, "मी धरतो." आणि ओबो तोंडाला लावता लावता खेकसतो, "येणार नाय वाटलं ना तुला, मयतीवाल्या?"

धाकूचे ओठ सुटतात. तो शिळा दम सोडतो, खोकत, थुंकत. कापूस गळून पडतो. हवा आत येते.

"तू का आलास परत, गाढवा?"

"जाता येईना. फाटकापाशी अडकलो. हे अडवतंय." इनास कोटाच्या वरच्या खिशात दोन बोटं घालतो आणि एक रीड काढतो. हिरव्या दोऱ्यानं बांधलेली. इनास आपल्या रीडी कायम हिरव्या दोऱ्यानं बांधायचा, धाकू लाल. "ही तू ठेवलीस माझ्या खिशात. पेटी बंद करायच्या आधी."

"तुझी सगळ्यात चांगली होती ती. म्हटलं, सोबत असू दे."

"तुमच्यात वाजवणारा गेला की काय करतात?"

धाकूची मान खाली जाते. घडशांच्यात माणूस गेला की तिरडी उचलायच्या आधी त्याची रीड मोडतात. पोरगा मोडतो, पोरगा नसला तर शेजारचा सूरवाला मोडतो. म्हणजे त्याचं वाजवणं संपलं, आता त्याला कुणी हाक मारायची नाही. आजाची बापानं मोडली, बापाची धाकूनं मोडली. इनासची रीड हातात घेतली तेव्हा मात्र त्याचा जीव झाला नाही. एवढी गोड रीड. आणि मनात आलं, हे लोक वेगळे, यांच्यात कुठं मोडतात.

"चर्चवाल्यांना काय माहीत," इनास म्हणतो. "शेजारचा सूरवाला तूच होतास ना?"

टक्. इनासची बोटं हलतात. तो रीड धाकूच्या मुठीत कोंबतो. रीड ओली आहे, कोमट आहे.

"काका! काका, डोळे उघडा!"

शाल्मली त्याच्या खांद्याला धरून हलवतेय. तिचा चेहरा पांढरा पडलाय. धाकू गालिच्यावर आहे, एसी घुंऽऽ करतोय, आणि धाकूच्या छातीतून फाटक्या भात्यासारखा आवाज येतोय.

"तुमचे ओठ निळे पडलेत. श्वासच घेत नव्हता तुम्ही. डॉक्टरांना बोलावू?"

"नको. पाणी दे."

ती पाणी आणते. धाकू पिण्यासाठी हात पुढे करतो आणि मूठ उघडतो. मुठीत रीड आहे. हिरव्या दोऱ्याची. पात्यांवर ओल आहे, आणि एका पातीला ओठाची सालपटं चिकटलीत.

वाटीत त्याची स्वतःची रीड तशीच भिजतेय. लाल दोऱ्याची.

"ही कुठली?" शाल्मली विचारते. "तुम्ही तर एकच ठेवली होती."

धाकू वाटीतल्या रीडीकडे बघतो, मुठीतल्या रीडीकडे बघतो. मग म्हणतो, "पोरी, तू श्वास कापलेस ते फेकून दिलेस का गं?"

"नाही अजून. बाजूला ठेवलेत. का?"

"परत जोड."

"काका, कंपनीला श्वास नको असतो."

"मग खालचा सूर नाय मिळायचा."

शाल्मली अवघडते. खोटं बोलायची तिला सवय नाही. "रागावू नका, पण तो मला बनवता येतो. वरचा सूर खाली ओढायचा. फारसं कुणाला कळत नाही."

धाकूला खडूनं नाव लिहिलेली ती खुर्ची आठवते. म्हणजे देऊ किंवा न देऊ, खुर्ची मांडलेलीच आहे. सगळे सूर आत गेलेत. ते आता परत येणार नाहीत.

"ओढता येत असेल तर ओढ. मी अडवणारा कोण," तो म्हणतो. "पण मी देतो तुला खरा. चांगला देतो. तू एवढंच कर. प्रत्येक सुराच्या आधी माझा श्वास राहू दे. मागे पण राहू दे, सोडायला. हात जोडतो तुला."

"अहो काका, हात काय जोडता! पण श्वास कोण ऐकणार?"

"ऐकायला नाय गं. जो फुंकणार, त्याला."

शाल्मली त्याच्याकडे बघते, त्याच्या निळ्या ओठांकडे, मग त्या रीडीकडे. तिला सगळं कळलंय असं नाही. पण ती हळूच म्हणते, "माझ्या हातात आहे तोवर ठेवते, काका. पुढे तिकडे कुणी कापलं तर मला सांगता नाही येणार."

"तोवर तर तोवर."

ती काचेपलीकडे जाते. धाकू खुर्चीवर बसतो, लाल दोऱ्याची रीड नळीला लावतो. लाल दिवा लागतो. मग त्याला काहीतरी आठवतं. तो हिरव्या दोऱ्याची रीड दोन अंगठ्यांत धरतो. किती गोड रीड होती ती.

"जा रे डाबऱ्या," तो म्हणतो, आणि मोडतो.

कट् असा आवाज होतो. शाल्मली कानावरचा हेडफोन झटकन काढते, एवढा तो मोठा येतो. धाकू दोन्ही तुकडे शर्टाच्या खिशात घालतो. दोरा तेवढा बोटाला चिकटून राहतो, ओलाच.

डावीकडची जागा मोकळी आहे. धाकू सवयीनं तिकडे एकदा बघतो. भुवई उडवणारं आता कुणी नाही. तो आधी शिळा दम सोडतो, सगळा. आणि मग माईकच्या तोंडाशी, मुद्दाम, आवाज करून, छाती फाटेस्तोवर मोठा श्वास घेतो.